राधाविनोद पाल : टोकियो खटल्यातला वेगळा निकाल

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, राधाविनोद पाल हे आधी आपल्यासारखेच शिक्षक, बरं का! १८८६ मध्ये आजच्या बांगलादेशातल्या कुष्टिया भागात, गरीब घरात जन्म. मैमनसिंगच्या कॉलेजात गणित शिकवलं, मग कायद्याकडे वळले आणि कलकत्ता उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये टोकियोत जपानच्या नेत्यांवर खटला सुरू झाला. ११ देशांचे ११ न्यायाधीश, भारताचे पाल. १९४८ मध्ये २५ आरोपी दोषी ठरले, ७ जणांना फाशी झाली. पालांनी मात्र हजाराहून जास्त पानांचं वेगळं निकालपत्र लिहून सर्वांना निर्दोष ठरवलं.

मुलांना सांगताना इथे घाई करू नका. जपानी सैन्याने नानकिंगमध्ये अत्याचार केले, हे पालांनी मान्य केलं होतं. पण त्यांचा हुकूम या नेत्यांनी दिल्याचं सिद्ध झालं नाही, असं त्यांचं मत. शिवाय युद्ध पुकारणं हा व्यक्तीचा गुन्हा, असा कायदा तेव्हा नव्हताच. आणि न्याय करणारे सगळे जिंकलेल्या बाजूचे, मग अणुबॉम्बचं काय?

मला सगळं पटत नाही. सैन्याला आवरणं नेत्यांचंच काम ना?

१९६७ मध्ये पाल गेले. टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. फाशी गेलेल्या त्या ७ जणांचीही तिथेच पूजा होते.