चिनी सुगम संगीताचा शापित जनक : ली जिनहुई

चीनच्या राष्ट्रगीताचे पहिले ध्वनिमुद्रण १९३५ साली शांघायमध्ये पाथे या ग्रामोफोन कंपनीने केले. तेव्हा ते एका चित्रपटातील समूहगीत होते. याच कंपनीच्या तबकड्यांनी त्याआधी काही वर्षे ली जिनहुई या संगीतकाराची प्रेमगीते शहरोशहरी पोहोचवली होती. राष्ट्रगीताची चाल बांधणारा न्ये अर हा तरुणपणी लींच्याच मंडळीत व्हायोलिन वाजवीत असे. पुढे न्ये अरच्या वाट्याला राष्ट्राचा आदर आला, तर लींच्या वाट्याला पिवळ्या संगीताचे जनक हे दूषण. चिनी भाषेत पिवळा हा शब्द अश्लीलतेसाठी वापरला जातो. ज्या माणसाने आयुष्याची सुरुवात मुलांना शुद्ध भाषा शिकविण्यापासून केली, त्याच्यावर हा शिक्का बसावा, ही विसाव्या शतकातील संगीताच्या इतिहासातील एक विलक्षण शोकांतिका आहे.

ली जिनहुई यांचा जन्म ५ सप्टेंबर १८९१ रोजी हूनान प्रांतातील श्यांगतान येथे झाला. आठ भावांच्या या घराण्यात विद्याव्यासंगाची परंपरा होती. थोरले बंधू ली जिनशी नामवंत भाषाशास्त्रज्ञ झाले; छांगशाच्या अध्यापक विद्यालयात तरुण माओ त्यांचा विद्यार्थी होता. धाकटे बंधू ली जिनग्वांग पुढे संगीतकार म्हणून गाजले. जिनहुई यांच्या कानावर लहानपणापासून हूनानची लोकगीते आणि लोकनाट्ये पडत होती. छांगशा येथे शिक्षकी पेशाचे शिक्षण घेताना पाश्चात्त्य स्वरलेखनाचीही ओळख झाली. या दोन संस्कारांच्या संगमातून त्यांचे पुढील सारे संगीत जन्मले.

राजेशाही संपून चीन प्रजासत्ताक झाला, तरी एका प्रांताची बोली दुसऱ्या प्रांतास कळत नव्हती. समान राष्ट्रभाषा घडविण्याची चळवळ सुरू झाली आणि दोघे थोरले बंधू तिच्यात ओढले गेले. जिनशींनी व्याकरण हाती घेतले, जिनहुईंनी गाणे. मूल नवी भाषा पाठांतराने शिकत नाही, गाता गाता शिकते, अशी त्यांची श्रद्धा होती. शांघायच्या चुंगह्वा प्रकाशनसंस्थेत असताना १९२२ साली त्यांनी ‘छोटा मित्र’ या अर्थाच्या नावाचे बालसाप्ताहिक सुरू केले. चिमणी आणि मूल, द्राक्षांची परी अशा विषयांवरील त्यांच्या संगीतिका शाळाशाळांतून होऊ लागल्या. सुन यत-सेन यांच्या स्मरणार्थ गायल्या जाणाऱ्या गीताची चालही त्यांचीच. त्या काळात त्यांच्या देशभक्तीविषयी कोणी शंका घेतली नसती.

मात्र मुलींनी रंगमंचावर गाणे व नाचणे हेच सनातन्यांना रुचत नव्हते. लींनी आपली कन्या ली मिंगहुई हिलाच रंगमंचावर उभे केले. १९२७ मध्ये त्यांनी नृत्य-गायनाची शाळा काढली आणि त्याच सुमारास ‘रिमझिम पाऊस’ हे प्रेमगीत रचले. मिंगहुईच्या कोवळ्या, काहीशा किनऱ्या आवाजातील हे गीत तबकडीवर आले. चिनी सुगम संगीताचे पहिले गाणे म्हणून अभ्यासक याचाच उल्लेख करतात. लोकगीताची चाल, जोडीला पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका आणि सर्वांना कळेल अशी भाषा, हे त्याचे घटक होते.

१९२८ साली मंडळी घेऊन ते आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर निघाले. हाँगकाँग, सिंगापूर, मलाया, बँकॉक, जावा येथील चिनी वस्त्यांनी त्यांचे स्वागत केले. परंतु अखेर पैसा संपला, मंडळी विखुरली आणि ली सिंगापुरात अडकले. परतीच्या भाड्यासाठी त्यांनी झपाट्याने प्रेमगीते लिहून शांघायच्या प्रकाशकांकडे पाठविली. त्यांतील ‘पीच फुलांची नदी’ अफाट लोकप्रिय झाले. पुढे ज्या गीतांवरून त्यांची निर्भर्त्सना झाली, त्यांतील बरीचशी अशी परमुलखात, गरजेपोटी लिहिलेली होती.

१९२९ मध्ये ते परतले तेव्हा शांघायमधील ग्रामोफोनचा धंदा भरभराटीस येत होता. पाथेचा चीनमधील संस्थापक लाबांसा हा फ्रेंच गृहस्थ सुरुवातीस रस्त्यावर यंत्र मांडून, पैसे घेऊन लोकांना नुसत्या हसण्याची तबकडी ऐकवीत असे, असे सांगतात. त्यातून वाढलेल्या कंपनीने शूच्याह्वी भागात आपला कारखाना व ध्वनिमुद्रणगृह उभारले. अमेरिकन व्हिक्टर आणि देशी ‘महाचीन’ या तिच्या प्रतिस्पर्धी होत्या. १९३१ मध्ये लंडनमध्ये ईएमआय स्थापन झाली व पाथे तिच्या छत्राखाली आली. आपल्याकडे कुत्र्याच्या चित्राने ओळखली जाणारी, डमडमच्या कारखान्यातून मराठी नाट्यपदे घरोघर पोहोचवणारी हिज मास्टर्स व्हॉइस ही त्याच कुटुंबातली. या कंपन्यांना आजवर नाट्यसंगीतावर अवलंबून राहावे लागे. तीन मिनिटांच्या तबकडीत नेमके बसणारे नवे गाणे लींनी त्यांना पुरविले. त्यांच्या ‘मिंगयुए’, म्हणजे उज्ज्वल चंद्र, या मंडळीतून वांग रनमेई, ली लीली आणि जोउ श्वेन या तारका घडल्या. जोउ श्वेन तर पुढे पाथेचा सर्वांत मोलाचा आवाज ठरली.

याच मंडळीत १९३१ साली युन्नानहून आलेला न्ये अर दाखल झाला. जपानने मांचुरिया गिळंकृत केला होता. पुढच्याच वर्षी शांघायवर बॉम्ब पडले. अशा वेळी प्रेमगीते गाणे त्याला असह्य झाले. टोपणनावाने लेख लिहून त्याने आपल्या गुरूवरच कठोर टीका केली आणि मंडळी सोडली. पुढे तो पाथेच्या संगीत विभागात रुजू झाला. १९३५ मध्ये राष्ट्रगीताची चाल देऊन तो जपानला गेला आणि तेथेच, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, समुद्रात बुडून मरण पावला. डाव्यांनी आणि राष्ट्रवाद्यांनी, दोघांनीही लींना दोष दिला. या साऱ्यांची गाणी विकणाऱ्या कंपनीला मात्र रोष सहन करावा लागला नाही. तिने दोन्ही प्रकारच्या तबकड्या विकल्या.

यानंतर लींनी यांगत्झे हॉटेलच्या नृत्यगृहात चिनी वादकांचा जॅझ वाद्यवृंद उभा केला. अभिनेत्री श्वू लाय हिच्याशी झालेला विवाह मोडला. लहानगी मुलगी दगावली. मिंगयुए मंडळीही १९३० च्या दशकातच विसर्जित झाली. १९४९ नंतर ते शांघायच्या ॲनिमेशनपट निर्मितीसंस्थेत संगीतकार म्हणून काम करीत होते. म्हणजे एका अर्थी पुन्हा मुलांकडेच वळले. परंतु जुना शिक्का पुसला गेला नाही. सांस्कृतिक क्रांतीत त्यांना लक्ष्य करण्यात आले आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये, छळाच्या त्या वातावरणात, त्यांचे निधन झाले.

पाथेचा कारभार १९५२ च्या सुमारास हाँगकाँगला हलला होता. तेथे आणि तैवानात लींच्या परंपरेतील गाणी वाढत राहिली. १९७० च्या दशकाअखेर तेरेसा तेंगच्या कॅसेट चोरवाटांनी मुख्य भूमीवर पोहोचल्या, तेव्हा त्यांवरही पिवळेपणाचाच आरोप झाला. जिनग्वांग यांचे ‘ये लाय श्यांग’ हे १९४० च्या दशकातील गीत तिच्या आवाजात चिनी घराघरांत परतले. आज शूच्याह्वीतील पाथेची लाल विटांची इमारत राष्ट्रगीताचे स्मृतिस्थळ म्हणून जपली जाते. तेथे न्ये अरचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या गीताला तबकडी, बाजारपेठ आणि गाण्यातून एक भाषा बोलू लागलेला श्रोता मिळाला, त्यामागे ली जिनहुई यांचे श्रम होते, याची नोंद इतिहासाने ठेवायला हवी.