डॉ. जेरुशा झिराड : मातामृत्यूचे कारण शोधणारी स्त्री

करावे गावात माझ्या आजीची सारी बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून झाली. बाळंतीण दगावली तर नशीब म्हणून लोक गप्प बसत, असे ती सांगे. डॉ. जेरुशा झिराड यांचे चरित्र मला म्हणूनच मोलाचे वाटते.

त्यांचा जन्म शिमोग्याचा, बेने इस्रायल कुटुंबातला. लहानपणी बहीण अत्यवस्थ असता मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. बेन्सन यांनी तिला वाचविले. तेव्हाच जेरुशाबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन त्या विलायतेस गेल्या आणि १९१९ साली लंडन विद्यापीठाच्या एम. डी. झाल्या. पुढे त्याच कामा रुग्णालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

दारी आलेल्या बाईला वाचविण्यावरच त्या थांबल्या नाहीत. मुंबईत बाळंतिणी का मरतात, याची त्यांनी पद्धतशीर चौकशी केली. तो अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. १९५० साली प्रसूतितज्ज्ञांच्या अखिल भारतीय महासंघाचे पहिले अध्यक्षपद त्यांना लाभले, तर १९६६ साली पद्मश्री.

कामा रुग्णालयावरून जाताना मला आजी आठवते. नशीब म्हटले की चौकशी संपते. कारण लिहून ठेवले, तरच पुढची बाळंतीण वाचते.