स्वामी कुवलयानंद : देहाकडे पाहावयास शिकविणारे आचार्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय लिहून द्यावा, असे समितीच्या भगिनींनी मला सांगितले. आपला जिल्हा जिजाबाईंच्या माहेरचा. सिंदखेडराजा जवळच असल्यामुळे त्यांच्याविषयी दर वर्षी कोणी ना कोणी लिहितेच. म्हणून मी जरा निराळी वाट धरली. सकाळी मंडळाच्या सभागृहात सतरंज्या अंथरून आपण जी आसने करतो, ती ज्यांच्या परिश्रमांमुळे घराघरांत आली त्यांत स्वामी कुवलयानंदांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळ जणींस ठाऊक नसावे, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

माझे या विषयाकडे लक्ष वळले ते एका चुकीपायी. वाकल्यावर कंबर धरते म्हणून मी पुस्तकातील चित्र पाहून घरच्या घरीच पश्चिमोत्तानासन सुरू केले. चित्रातील बाईचे कपाळ गुडघ्याला टेकलेले. माझेही टेकलेच पाहिजे या हट्टाने मी हिसका देऊन वाकले आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळले. दोष पुस्तकाचा नव्हता आणि आसनाचाही नव्हता. माझ्या पाठीला काय जमते व काय जमत नाही, हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. पडल्या पडल्या स्वामीजींविषयी जे हाती लागले ते वाचून काढले, आणि माझी चूक कोठे झाली ते त्यातच सापडले.

स्वामीजींचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. गुजरातेतील डभोई येथे एका मराठी कुटुंबात 30 ऑगस्ट 1883 रोजी त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची; पण मुलगा बुद्धिमान. 1903 साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकत असता अरविंद घोष तेथे अध्यापक होते. त्या वातावरणात या तरुणाने देशकार्यासाठी आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय केला.

बडोद्यास त्यांना पहिले गुरू भेटले ते जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव. सुमारे 1907 पासून 1910 पर्यंत जगन्नाथराव त्यांच्यापाशी राहून व्यायामविद्या शिकले. दुबळ्या शरीराने देश उभा राहावयाचा नाही, ही माणिकरावांची शिकवण त्यांच्या मनात खोल रुजली.

पुढे ते खानदेशात अमळनेरला आले. साने गुरुजींच्या नावामुळे हे गाव आपणा सर्वांस परिचित आहे. आपल्या मलकापुराहून गाडीत बसले की भुसावळ, जळगाव आणि मग अमळनेर. म्हणजे तसे शेजारचेच. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी काही वर्षे सांभाळले. पुढे ते महाविद्यालय बंद पडले, आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले.

त्या वळणाची तयारी आधीच झालेली होती. 1919 साली नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी या वृद्ध योग्याची व त्यांची गाठ पडली. माधवदासजींनी त्यांना योगाची दीक्षा दिली. शरीरात जे फेरफार होतात ते त्यांनी स्वतः अनुभवले. पण श्रद्धेने डोळे मिटून बसणारा हा शिष्य नव्हता. हे खरे असेल तर ते मोजून दाखविता आले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले.

त्या काळी हे किती धाडसाचे होते, याची आज कल्पना येणे कठीण. शिकलेल्या लोकांना योग म्हणजे बैराग्यांचे थोतांड वाटे, आणि साधकांना यंत्राने योग तपासणे हा अधर्म वाटे. जगन्नाथरावांनी दोन्हीकडची नाराजी पत्करून क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांची परीक्षा केली. नौली करताना पोटातील दाब कमी होतो व त्यामुळेच आतड्यात पाणी ओढले जाते, हे त्यांनी मोजून दाखविले. तोवर लोक ज्याला सिद्धी समजत होते, ती स्नायूंची किमया ठरली. तिचे महत्त्व यामुळे कमी झाले नाही. उलट ती कोणासही शिकता येईल असे सिद्ध झाले.

1924 साली विजयादशमीस त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रमाची स्थापना केली. त्याच सुमारास कुवलयानंद हे नाव धारण केले. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढून त्यात प्रयोगांचे निष्कर्ष ते छापू लागले. सर्वांगासन व मत्स्यासन करताना रक्तदाब किती चढतो, याची मोजमापे त्यांनी घेतली. आसनांवरील व प्राणायामावरील त्यांचे ग्रंथ 1931 साली प्रसिद्ध झाले.

त्यांच्या सचोटीचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. प्राणायामाने शरीरात भरपूर प्राणवायू जातो, असे तेव्हाही सांगत आणि आजही सांगतात. स्वामीजींनी श्वास मोजले तेव्हा नेहमीच्या श्वसनापेक्षा प्राणायामात प्राणवायू अधिक मिळत नाही, असे आढळले. स्वतःच्या विद्येची बढाई कमी होईल म्हणून त्यांनी हे झाकून ठेवले नाही. प्राणायामाचा खरा उपयोग मज्जासंस्थेला व मनाला आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले.

कीर्ती पसरली तशी मोठमोठी माणसे त्यांच्याकडे वळली. 1927 साली गांधीजींचा रक्तदाब वाढला असता त्यांनी स्वामीजींचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे अभ्यासक लोणावळ्यास येऊन त्यांच्या हाताखाली शिकले व 1937 साली त्यांनी योगावर ग्रंथ लिहिला. मुंबईस मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने आरोग्यकेंद्र उभे राहिले. पुढे 1950 च्या सुमारास लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले. या साऱ्या खटाटोपात स्वामीजींनी मात्र अखेरपर्यंत साधी राहणी सोडली नाही. 18 एप्रिल 1966 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. 2024 साली कैवल्यधामाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

आता आपल्या कामाची गोष्ट सांगते. डॉ. विनेकरांसह लिहिलेल्या 1963 च्या ग्रंथात स्वामीजींनी आसनांचा विचार शरीराच्या ठेवणीच्या अंगाने केला आहे. आपण बसतो, उभे राहतो, तेव्हा स्नायू व सांधे मेंदूला सतत सूचना पाठवीत असतात, आणि मेंदू त्यांवरून शरीर तोलून धरतो. वर्षानुवर्षे वाकडे बसले की तोच वाकडेपणा मेंदूला सरळ वाटू लागतो. आसनात शरीर सावकाश न्यावयाचे, हिसका द्यावयाचा नाही, स्थिर राहावयाचे, आणि जेथे ताण नको तेथील ताण सोडून द्यावयाचा. पतंजलींनी आसनाला स्थिरता आणि सुख अशा दोन कसोट्या लावल्या आहेत. मी स्थिरतेच्या मागे लागले होते; सुखाची कसोटी विसरले होते.

मंडळाच्या वर्गात शवासनात पडून एकेका अवयवाकडे लक्ष नेताना मला प्रथमच कळले की माझा उजवा खांदा नेहमी वर उचललेला असतो. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत तो माझाच खांदा, पण मला त्याची खबर नव्हती! लहानपणी डाव्या कमरेवर घागर घेऊन पाणी आणले, पुढे त्याच कमरेवर मुले वागविली. अंगाला तशीच सवय जडली. आता ओट्याशी उभी असताना दिवसातून दहा वेळा तो खांदा खाली सोडते. हंडा उचलायचा तर आधी गुडघ्यात वाकते, हंडा पोटाजवळ घेते व मग उठते. कंबर पूर्वीसारखी धरत नाही.

माझ्या सासूबाई उतारवयात पार वाकून गेल्या होत्या. साऱ्या जन्मात पऱ्हाटीच्या वेचणीला गेल्या, जात्यावर दळले, मैलोगणती मोळ्या आणल्या. बाईची पाठ अशीच जावयाची, असे त्या म्हणत आणि आम्हीही मानीत आलो. साराच वाकडेपणा आसनांनी टळला असता असे मी म्हणणार नाही. कष्ट, अपुरे अन्न व झिजलेली हाडे यांपुढे आसनांचे काय चालणार? पण बाईने स्वतःच्या पाठीकडे लक्ष देणे म्हणजे चैन किंवा आळस, ही समजूत तरी आपण सोडू शकतो. वेचणीहून आलेल्या आपल्या शेजारणीला घटकाभर पाठीवर पडू द्यावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

ज्यांना रक्तदाब, मणक्याचा वा डोळ्यांचा विकार असेल त्यांनी वैद्याला विचारल्यावाचून शीर्षासनासारखी आसने करू नयेत. जे खरे आहे ते तपासून घ्यावे, हीच तर स्वामीजींची रीत होती. आपल्यालाही त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. सकाळी सतरंजीवर पडावे, डोळे मिटावे, आणि आपले खांदे कोठे आहेत ते पाहावे.