डॉ. पापनिकोलाऊ आणि मेरी

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखणारी 'पॅप' तपासणी शोधणारे डॉ. जॉर्ज पापनिकोलाऊ १८८३ साली ग्रीसमध्ये जन्मले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आल्यावर पोटासाठी त्यांनी गालिचे विकले. पत्नी मेरी बटणे शिवी. पुढे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पेशी हव्या होत्या. त्या मेरीने स्वतःच्या दिल्या, वर्षानुवर्षे! १९२८ साली मांडलेला शोध डॉक्टरांनी मनावर घेतला नाही. १९४३ च्या ग्रंथानंतर तो पटला. १९६२ मध्ये ते वारले. मला मोठी वाटते ती मेरीच.

आमच्या मुळशीकडे या तपासणीचे नाव काढले की बायका तोंडाला पदर लावतात. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत नव्या एचपीव्ही तपासणीने, तीही एकदाच करून, या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आले, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. मी ते आईला वाचून दाखवले. दुखते का, एवढेच तिने विचारले.