जनरल थोरात : कोरियातील मराठी सेनानी



'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' ही म्हण आपल्या घरोघरी ऐकू येते. कुळगीच्या रानवाटेवर अंधारात पाचोळा वाजला की तिचा अर्थ कळतो. पण बलाढ्य राष्ट्रेही अशी भितात का? याचे उत्तर आम्हाला लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांच्या चरित्रात सापडते.

त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूरजवळील वडगावचा. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन ते सैन्यात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ साली ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत त्यांनी आपल्या पलटणीचे नेतृत्व केले व डी.एस.ओ. हा सन्मान मिळविला. कोडगूचे थिमय्याही त्याच लढाईत होते.

१९४९ साली रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली आणि चीनमध्ये साम्यवादी सत्तेवर आले. अमेरिकेला वाटू लागले, आज एक देश गेला तर उद्या शेजारचाही जाईल. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला. अमेरिका संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली युद्धात उतरली. हल्ला परतविल्यावर तिचे सैन्य थांबले नाही, ते उत्तरेत थेट चीनच्या सीमेकडे सरकले. मग चीनही भिऊन युद्धात आला. तीन वर्षांत लाखो माणसे मेली, अमेरिकेचेच सुमारे ३६ हजार सैनिक गेले. आणि सीमा जवळपास होती तिथेच राहिली.

२७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला. मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन कैद्यांचे काय करायचे, या वादाने तहाची बोलणी वर्षाहून अधिक काळ अडकली होती. त्यांना सांभाळण्याचे काम भारताकडे आले. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या, तर सुमारे सहा हजार भारतीय जवानांचे सेनापती थोरात. दक्षिण कोरियाने आपल्या भूमीवर त्यांना पायही ठेवू दिला नाही. जहाजावरून हेलिकॉप्टरने त्यांना छावणीत नेण्यात आले.

एकदा चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना पकडून कोंडले. थोरात स्वतः मोजक्या सहकाऱ्यांसह त्या खवळलेल्या जमावात शिरले आणि गोळी न झाडता त्यांना सोडवून आणले. इतर काही प्रसंगी गोळीबार करावा लागला, कैदीही मेले. काम सोपे नव्हते. या शौर्याबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग २, म्हणजे आजचे कीर्ती चक्र मिळाले.

पुढे पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९५९ साली त्यांनी चीनच्या सीमेचा अभ्यास करून आपली फौज किती अपुरी आहे हे सरकारला लेखी कळविले. त्यांचे ऐकले गेले नाही. ते १९६१ मध्ये निवृत्त झाले आणि १९६२ साली देशाला पराभव पाहावा लागला. १० ऑगस्ट १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, अमेरिका कोरियातून शिकली नाही; त्याच भीतीने ती पुढे व्हिएतनाममध्येही गेली. आणि आपण खऱ्या धोक्याची सूचना मिळूनही गाफील राहिलो. थोरातांनी नकाशा पाहिला, माणसे मोजली आणि मग सांगितले. भीती वाटणे हा दोष नव्हे. पाचोळा कशाने वाजला हे आधी पाहावे, मग काठी उचलावी, एवढेच आम्ही तुम्हाला सांगू इच्छितो.