महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाचा तुमच्या होमलोनशी काय संबंध?

पहिलं घर घ्यायचं म्हटलं की तीन नावं हमखास कानावर पडतात. रेपो रेट ठरवणारी रिझर्व्ह बँक, शेजारी-पाजारी ज्या बँकेत आधी जाऊन या म्हणतात ती स्टेट बँक आणि पॉलिसीपासून घरकर्जापर्यंत सगळीकडे भेटणारी एलआयसी.

या तिन्ही संस्था 1949 ते 1956 या काळात सरकारच्या ताब्यात आल्या. आणि तिन्ही वेळा निर्णयाच्या जवळ एकच माणूस होता, सी. डी. देशमुख.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म 14 जानेवारी 1896 चा. गाव नाते, म्हणजे महाडहून रायगड किल्ल्याकडे जाताना लागतं ते. वडील वकील. लहानपण बरंचसं रोह्यात गेलं. तेव्हा या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं.

पोरगा हुशार होता. 1912 मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही मिळवली. पुढे केंब्रिजला जाऊन विज्ञान शिकला, तिथं वनस्पतीशास्त्राचं बक्षीस घेतलं. 1918 मध्ये लंडनला झालेल्या आयसीएसच्या परीक्षेतही पहिला नंबर!

त्यानंतर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात बरीच वर्षं सरकारी नोकरी झाली. 1939 मध्ये त्यांचा रिझर्व्ह बँकेशी संबंध आला आणि ऑगस्ट 1943 मध्ये ते गव्हर्नर झाले. बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर.

काळ सोपा नव्हता. आधी महायुद्ध, मग फाळणी. जून 1948 पर्यंत पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही रिझर्व्ह बँकच काम बघत होती. तोवर ही बँक खासगी भागधारकांची होती. 1 जानेवारी 1949 ला ती सरकारी झाली. त्याच वर्षी बँकांवर देखरेख करणारा कायदा आला. लोकांच्या ठेवी घेऊन बँकेनं वाटेल तसं वागायचं नाही, हे कागदावर आलं.

1950 मध्ये देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते कुलाब्यातूनच निवडून आले.

आता कळीचा मुद्दा. त्या काळात सामान्य माणसाला कर्ज द्यायचं कोण?

रिझर्व्ह बँकेने 600 गावांत पाहणी केली. ए. डी. गोरवाला समितीचे अध्यक्ष होते, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ सदस्य होते. 1951-52 मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जात बँकांचा वाटा निघाला 0.9 टक्के. म्हणजे शंभर रुपयांत रुपयासुद्धा नाही. जवळपास 70 रुपये सावकारांचे.

समितीने सांगितलं की खेड्यांपर्यंत जाणारी एक मोठी सरकारी बँक हवी. त्यातून 1 जुलै 1955 ला इम्पिरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत 400 नव्या शाखा काढायचं बंधन तिच्यावर घातलं गेलं.

याच काळात, 1954 मध्ये, केंद्र सरकारने अल्प उत्पन्न गटासाठी घरबांधणी कर्जाची योजना आणली. वर्षाला 6 हजार रुपयांपर्यंत कमाई असलेल्यांसाठी. खर्चाच्या 80 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळायचं.

19 जानेवारी 1956 ला सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार हातात घेतला. 245 विमा संस्था एका झटक्यात. रेडिओवरून देशाला ही बातमी दिली ती देशमुखांनीच.

पण 1 सप्टेंबर 1956 ला एलआयसी सुरू झाली, तेव्हा ते मंत्री नव्हते.

कारण मुंबई. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं चाललं होतं. आंदोलकांवर गोळीबार झाला होता, त्याची न्यायालयीन चौकशी होत नव्हती. जुलै 1956 मध्ये देशमुखांनी देशाचं अर्थखातं सोडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दिल्लीच्या सत्तेतून आलेला हा सगळ्यात मोठा राजीनामा ठरला.

पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1953 मध्ये त्यांनी समाजसेविका दुर्गाबाईंशी लग्न केलं होतं. 1969 मध्ये ते राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढले आणि हरले. कालिदासाचं मेघदूतही त्यांनी मराठीत आणलं. 2 ऑक्टोबर 1982 ला हैदराबादला त्यांचं निधन झालं.

मग आजचं होमलोन देशमुखांनी आणलं का? तर नाही. पगारदार माणसाला सहज घरकर्ज मिळायला बरीच वर्षं गेली. एचडीएफसी 1977 ची, नॅशनल हाउसिंग बँक 1988 ची, एलआयसी हाउसिंग फायनान्स 1989 ची. पण पाया तेव्हा घातला गेला, तो म्हणजे कर्ज ही सावकाराची मेहेरबानी नाही, त्याला नियम असतो.

हा नियम आज जोडप्यांच्या कामी येतो. एकाच्या पगारावर कर्ज बसत नसेल तर नवरा-बायको दोघं मिळून अर्ज करतात, दोघांची कमाई एकत्र धरली जाते. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या व्याजाची घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत.

अडतं ते कागदावर. महाड एमआयडीसीतला कंत्राटी कामगार असो किंवा पोलादपुरात घरी शिलाई करणारी बाई, कमाई आहे, पण पगाराची स्लिप नाही. गावात घर आहे, पण उतारा अजून आजोबांच्या नावावर.

1955 मध्ये प्रश्न होता बँक गावापर्यंत कशी न्यायची. बँक गावात आली. स्लिप नसलेल्या माणसाला त्या बँकेत खुर्ची कशी मिळायची, हा प्रश्न नात्याच्या आसपासच्या गावांत अजून शिल्लक आहे.