खराट्यापलीकडचे गाडगेबाबा

गाडगेबाबा म्हटले की प्रथम आठवतो तो त्यांच्या हातातील खराटा. राज्य शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि हा खराटा गावोगावच्या भिंतींवर रंगवला गेला. परंतु बाबांच्या जवळ खराट्याइतकीच आणखी एक वस्तू सदैव असे. ती म्हणजे मातीचे फुटके गाडगे. त्यांना नाव मिळाले ते या गाडग्यावरून. खराटा घाणीविरुद्ध होता, तर गाडगे भुकेल्या, आजारी आणि निराधार माणसासाठी होते. बाबांच्या चरित्राची ही दुसरी बाजू तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. तेथे त्याने गुरे राखली, नांगर धरला, मामाच्या शेतात राबून पीक काढले. पुढे ती जमीन सावकाराच्या घशात गेली. अक्षरओळख नसलेल्या माणसाला कागदावरचा अंगठा कसा भोवतो, हे त्यांनी स्वतःच्या घरातच पाहिले. सन १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि जवळ गाडगे एवढाच त्यांचा संसार होता.

पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथील यात्रेत त्यांच्या सेवेचे स्वरूप स्पष्ट होत गेले. यात्रेला येणाऱ्या अंध, अपंग आणि कुष्ठरोग्यांना सामान्यतः कोणी जवळ करीत नसे. बाबांनी त्यांच्यासाठी अन्नदान सुरू केले. या माणसांचे अंधत्व वा पंगुत्व आपण दूर करू शकत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरीही पोटाला अन्न, अंगाला वस्त्र आणि वागणुकीत सन्मान देणे आपल्या हाती आहे, असा त्यांचा विचार होता. चमत्कार आणि अंगारे-धुपारे यांचा त्यांनी आयुष्यभर धिक्कार केला. दुखणे आले तर वैद्याकडे जावे, नवसापायी बकरे कापू नये, हे ते कीर्तनातून वऱ्हाडी बोलीत लोकांच्या गळी उतरवत.

दुःखाने त्यांनाही सोडले नाही. कोकणातील खारेपाटण येथे कीर्तन सुरू असतानाच एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोचली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. तीर्थक्षेत्री गरिबाला उघड्यावर झोपावे लागते, हे त्यामागचे कारण होते. मुंबईत त्यांना दिसले की रुग्णालय हेदेखील गरिबाचे एक तीर्थक्षेत्रच झाले आहे. खेड्यातून आलेल्या रोग्याला खाट मिळे. परंतु सोबत आलेली आई, पत्नी किंवा भाऊ फुटपाथवर दिवस काढीत. या जाणिवेतून जे. जे. रुग्णालयालगत रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. आजारपण एकट्या रोग्याचे नसते, ते साऱ्या घराचे असते, हे तत्त्व आज वैद्यकशास्त्रही मानते. बाबांनी ते विटा-चुन्यात मांडले.

या कामाची व्यवस्थाही लक्षात घेण्याजोगी होती. पैसा लोकांचा असे आणि त्यात बाबांचा एक छदामही नसे. वास्तू पूर्ण होताच ती विश्वस्तांच्या हाती सोपवली जाई, आणि आपल्या नातेवाइकांचा तिच्यावर कसलाही हक्क राहू नये याबद्दल ते कटाक्ष ठेवीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावे काही नव्हते. त्यांच्या पश्चात दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या असंख्य कर्करुग्णांना आणि त्यांच्या आप्तांना आधार मिळाला.

परंतु उपचार संपल्यावर काय? रोग बरा होणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर रोग्याला घरीच परतावे लागते. वेदना कमी करणे, जखमांची निगा राखणे आणि कुटुंबाला धीर देणे यासाठी जी सेवा लागते, तिला उपशामक शुश्रूषा म्हणतात. वांद्रे येथील शांती आवेदना सदन हे अशा रुग्णांसाठीचे देशातील पहिले केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. केरळने २००८ मध्ये या सेवेचे स्वतंत्र धोरण आखले. तेथे स्थानिक स्वराज्य संस्था परिचारिकांना घरोघरी पाठवतात आणि गावातील स्वयंसेवक त्यांना साथ देतात. केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये आला, तर तीव्र वेदनांवरील मॉर्फिन रुग्णांना मिळणे सुकर व्हावे म्हणून कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. धोरण कागदावर आहे, ते उंबरठ्यापर्यंत पोहोचवणे हा खरा प्रश्न आहे.

रायगडाच्या पायथ्याच्या हिरकणीवाडीचे उदाहरण घेऊ. येथून महाड सुमारे २५ किलोमीटरवर, जिल्हा रुग्णालय अलिबागला आणि कर्करोगाचे मोठे रुग्णालय थेट परळला. महाड-पोलादपूरच्या वाड्यांतील कर्ती पिढी मुंबईला चाकरीत, तर घरी वृद्ध माणसे, ही येथली जुनीच स्थिती. अशा घरात कोणी अंथरुणाला खिळले की सारा भार बहुधा एका स्त्रीवर पडतो. तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण कडा उतरण्याची वेळ तिच्यावर आली, कारण गडाचे दरवाजे बंद होते. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीसाठी आज दरवाजे उघडे ठेवणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे.

बाबांच्या संदेशातील प्रसिद्ध दशसूत्रीत रोग्याला औषधोपचार आणि निराश माणसाला हिंमत या दोन्ही गोष्टींना स्थान आहे. पहिली गोष्ट शासनाशिवाय होणार नाही. मॉर्फिनची गोळी, प्रशिक्षित परिचारिका आणि तिला वाडीपर्यंत आणणारे वाहन प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच यायला हवे. दुसरी गोष्ट मात्र सरकारी आदेशाने येत नाही. रोग्याजवळ दोन तास बसून घरच्या बाईला थोडी झोप मिळवून देणे, औषध आणून देणे, वर्गणीतून पाण्याची गादी किंवा चाकाची खुर्ची गावासाठी घेऊन ठेवणे हे शेजाऱ्यांना, तरुण मंडळांना आणि महिला बचत गटांना सहज जमण्यासारखे आहे.

शासनाने बाबांचा खराटा उचलला आणि गावे स्वच्छ झाली, कारण त्या मोहिमेत ग्रामपंचायत आणि गावकरी दोघेही उतरले होते. तसेच दोघांनी मिळून आता ते गाडगेही उचलावे.